तळघरातल्या मुलाला कोणी विचारले?

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली एक कथा आहे. ओमेलास नावाचे नगर. तिथे ना राजा, ना गुलाम, सगळे सुखी. परंतु हे सुख एका अटीवर उभे आहे. नगरातल्या एका तळघरात एक लहान मूल अंधारात, घाणीत, अर्धपोटी कोंडलेले आहे. त्याला बाहेर काढून मायेने जवळ घेतले की नगराचे वैभव संपलेच! ही अट तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांच्या उपयुक्ततावादाने 'जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख' ही नीतीची कसोटी सांगितली. सरदार-उमरावांच्या इंग्लंडमध्ये कोणालाही एकापेक्षा अधिक मोजायचे नाही, हा विचार क्रांतिकारकच होता. ते आम्ही नाकारत नाही. पण निव्वळ बेरीज केली तर ओमेलासचा हिशेबही चोख ठरतो. हजारो सुखी, एक दुःखी! मग मन का मानत नाही? कारण हा हिशेब मांडणारे सगळे तळघराबाहेरचे आहेत.

ही केवळ कल्पना नव्हे. कायद्याच्या विद्यार्थ्याला एक खटला हमखास शिकवला जातो. १८८४ साली 'मिन्योनेट' ही इंग्लिश नौका समुद्रात बुडाली. चौघे एका छोट्या होडीत उपाशी राहिले. अखेर कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या आजारी पोऱ्याचा जीव घेतला आणि उरलेले तिघे त्याच्या मांसावर जगले. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. निवडला गेला तो सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळा! 'नाइलाज होता' हा बचाव न्यायालयाने फेटाळला. कोणाच्या जिवाचे मोल किती, हे मोजणार कोण, असा न्यायमूर्तींचा सवाल होता. फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात बाबासाहेबांनी धर्म तपासताना उपयुक्ततेबरोबर न्यायाचीही कसोटी लावली. त्याचे मर्म इथे उमगते. न्यायाविना उपयुक्तता म्हणजे बळीच्या जिवावर केलेली बेरीज.

कथेत काहीजण ओमेलास सोडून निघून जातात. त्यांचे हात स्वच्छ राहतात, पण मूल तळघरातच राहते. म्हणून 'सर्वांच्या भल्यासाठी थोड्यांनी सोसावे' असे कोणी म्हणाले, तर आपण उठून जाऊ नये. तिथेच उभे राहून विचारावे : हे थोडे कोणी निवडले? आणि त्यांना विचारले होते काय?