उपाशीपोटी लंकेपर्यंत

नाशिकच्या माणसाला रामनगरात एक गंमत अनुभवास येते. गोदाकाठची त्याची पंचवटी त्याला येथे गंगेच्या पूर्व तीरावर पुन्हा भेटते आणि तेथून लंका पायी गाठता येते. वाराणसीच्या समोर, काशीनरेशांच्या किल्ल्याभोवती वसलेल्या या लहानशा नगरात अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी आणि लंका ही स्थळे कायमची मुक्रर केलेली आहेत. अनंत चतुर्दशीला सुरू होणारी रामलीला पुढे सुमारे महिनाभर रोज एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी सरकत जाते आणि तिच्यामागे हजारो प्रेक्षक चालत राहतात. ना रंगमंच, ना तिकीट, ना ध्वनिक्षेपक. प्रकाश असतो तो मशाली आणि पेट्रोमॅक्सचा. संवादापूर्वी व्यासांची ‘चुप रहो, सावधान’ अशी आरोळी उठते आणि एवढा मोठा जमाव खरोखरच गप्प होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराज उदित नारायण सिंह यांच्या काळात या लीलेला आजचे स्वरूप येऊ लागले. रामलीला या परंपरेला युनेस्कोची मान्यता मिळाली ती २००५ मध्ये आणि २००८ मध्ये तिची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. सबंध गावच जेथे कथेचे नेपथ्य होते, असे दुसरे ठिकाण भारतात शोधूनही सापडणे कठीण.

इतके सारे डोळ्यांत साठवून परतलेल्या मराठी कुटुंबाला प्रवास कसा झाला असे विचारावे, तर दर्शनाचे आणि लीलेचे वर्णन झाल्यावर आवाज थोडा उतरतो. ‘जेवणाचे मात्र हाल झाले.’ काशीयात्रेच्या कथनात हे वाक्य इतक्यांदा येते की, तो नियमच मानावा.

चित्र साधारण असे असते. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आई-वडिलांना एकदा काशी घडवायची म्हणून दोन वर्षे आवर्ती ठेवीत पैसे साठवलेले, रजा प्रवास सवलतीचा हिशेब जमवलेला, आरक्षण महिनोन् महिने आधी केलेले. सकाळ विश्वनाथाच्या रांगेत जाते. कालभैरव आणि अन्नपूर्णा होईपर्यंत दुपार टळते. बिस्किटांच्या पुड्यावर भागवून सारे रामनगरला पोहोचतात, कारण लीला पाचच्या सुमारास सुरू होते. ती आटोपून नदीपलीकडे परत येईपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. उपाहारगृहाच्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवण्याची वेळ झालेली असते. तरीही पोऱ्या अदबीने जाडजूड मेन्यूकार्ड पुढे ठेवतो. त्यात पंजाबी आहे, दाक्षिणात्य आहे, चायनीज आहे आणि ‘जैन फूड’ही आहे. नातवंडांसाठी पनीर, मोठ्यांसाठी मिश्र भाजी, आजोबांसाठी डाळ, सोबत तंदुरी रोटी आणि जिरा भात असे सांगितले जाते. अर्ध्या तासाने पनीर आणि मिश्र भाजी अशा दोन वाट्या येतात. दोन्हींत तोच लाल, गोडसर रस्सा. रोटी तोंडापर्यंत जाईतो चामड्यासारखी होते. आजोबांनी मधुमेहाची गोळी नऊ वाजताच घेतलेली असते, त्यांचा हात थरथरू लागलेला असतो. आजी ताट बाजूला सारून म्हणतात, ‘मला जरा दही-भात मिळतो का बघ.’ दही संपलेले असते. बिल मात्र संपूर्ण येते.

त्या रात्री खोलीवर कोणी फारसे बोलत नाही. मुलाला वाटते की आई-वडिलांना सुख द्यायला आणले आणि उपाशी झोपवले. सुनेला वाटते, घरून दशमी-चटणी आणायला हवी होती. अन्नपूर्णेच्या नगरीत हे घडावे, याची रुखरुख वेगळीच.

दोष नेमका कोणाचा? दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या स्वयंपाकघरात दीडशे पदार्थ शिजत नाहीत, हे ध्यानात घेतले की पुष्कळसा उलगडा होतो. कांदा-टोमॅटोचा लाल रस्सा आणि काजू किंवा मगजाचा पांढरा रस्सा अशी दोन-तीन पातेली सकाळी तयार होतात. मग रात्रीपर्यंत त्यांतच पनीर, वाटाणे, कोफ्ते किंवा उकडलेल्या भाज्या पडत जातात. यादी जितकी लांब, तितके प्रत्येक पदार्थाचे साहित्य शिळे होण्याचा धोका अधिक, म्हणून सारे एका रश्श्यात आणून ठेवणे मालकाला सोयीचे पडते. तंदूर दोन जेवणांच्या मध्ये थंड झालेला असतो. त्यात लीलेचा काळच असा की आरंभीचा पंधरवडा पितृपक्षाचा. श्राद्धासाठी देशभरातून लोक काशीत उतरतात. त्यापाठोपाठ नवरात्र येते आणि अनेक स्वयंपाकघरांतून कांदा-लसूण हद्दपार होतो. रश्श्याचा पायाच निघून गेला तरी यादी बदलत नाही.

जिभेचाही प्रश्न आहे. पूर्व उत्तर प्रदेशात घराघरांतून मोहरीचे तेल वापरतात. शेंगदाणा तेलावर वाढलेल्या मराठी नाकाला त्याचा उग्र वास पहिल्या घासालाच अडवतो. ‘तेल खराब होते’ अशी तक्रार करणाऱ्या पाहुण्याला पुष्कळदा उत्तम, ताज्या घाण्याचे तेल वाढलेले असते! मऊ पोळीची अपेक्षा ठेवावी तर बाजारात पुरी, कचोरी आणि पराठा यांचे राज्य. घडीची पोळी तेथे शोधणे म्हणजे पंढरपुरात लिट्टी शोधण्यासारखे आहे.

परंतु या सर्वांहून मोठे कारण हिशेबाचे आहे. ज्या रस्त्यावर रोज नवा यात्रेकरू येतो आणि उद्या निघून जातो, तेथील उपाहारगृहाला गिऱ्हाईक परत यावे म्हणून चांगले रांधण्याची निकड उरत नाही. आजचे कुटुंब रागावून गेले तरी उद्या दुसरे येणारच असते. पाटी मोठी, दिवे झगझगीत आणि जागा मंदिराच्या वा घाटाच्या वाटेवर असली की पुरे. परका माणूस पदार्थ चाखून आत येत नाही, पाटी वाचून येतो. मालक मुळात वाईट असतो असे नव्हे. भाडे जागेचे असते आणि ते चुकवायचे तर पैसा पाटीवर आधी खर्च होतो, भाजीवर मागाहून. जगभरच्या मनोरंजन उद्यानांत हाच न्याय अधिक उघडपणे चालतो. प्रवेशद्वाराशी पिशव्या तपासून घरचे डबे बाहेर ठेवायला लावले जातात, आत गेल्यावर कुंपणापलीकडे पर्याय नसतो आणि मग मुलांनी रडवेले होऊन मागितलेल्या गार बटाट्याच्या काचऱ्यांनाही मोल चढते. एकदाच येणारे आणि बाहेर जाऊ न शकणारे गिऱ्हाईक ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय, जेवणाऱ्याच्या दृष्टीने मोठी आपत्ती.

रामनगरच्या लीलेला मात्र कुंपण नाही, आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक एकदाच येणारे नाही. येथेच सारा फरक पडतो. या लीलेचे खरे प्रेक्षक म्हणजे ‘नेमी’. नेमाने रोज येणारे, म्हणून नेमी. दुपारी गंगास्नान करून, स्वच्छ धोतर नेसून, कपाळी टिळा आणि कानात अत्तराचा फाया ठेवून, काखेत रामचरितमानसाचा गुटका व बसायला आसन घेऊन ते महिनाभर एकही दिवस न चुकवता हजर असतात. कित्येकांच्या घरांत ही रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. त्यांच्यामुळे मैदानात आणखी एक गाव वसते, खाद्यविक्रेत्यांचे. हत्तीवरून आलेले काशीनरेश लीला सुरू झाल्यावर काही वेळाने सायंसंध्येसाठी निघून जातात आणि तोवर लीला थांबते. रामायणी पोथ्या मिटतात. लोक पांगतात, चटया पसरतात, खोमच्यांभोवती गर्दी होते. कोठे कढईतून गरम कचोरी निघते, कोठे पानाच्या द्रोणात चाट, कोठे शेंगदाणे, रेवड्या, जिलेबी, कुल्हडातला चहा. तास-दीड तासात दिवसाची विक्री उरकायची असल्याने माल डोळ्यांदेखत तळला जातो आणि डोळ्यांदेखत संपतो. नेमीला काल कचोरी मऊ लागली, तर आज तो शेजारच्या कढईकडे वळेल आणि दहा नेमींना सांगेल. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. त्याच्याकडे मेन्यूकार्ड नसते. एकच पदार्थ असतो.

आपले नाशिककर कुटुंब नेमक्या याच वेळी काय करीत असते? धुळीचे, उघड्यावरचे नको म्हणून ते पाण्याची बाटली हातात धरून एका कडेला उभे असते आणि रात्रीच्या ‘चांगल्या हॉटेला’ची वाट पाहत असते. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. उघड्यावरची चटणी, बर्फ आणि कापून ठेवलेली फळे प्रवासात टाळलेलीच बरी. पण कढईतून थेट द्रोणात पडलेली कचोरी त्या काचेच्या दारामागच्या, सकाळपासून गरम-गार होत राहिलेल्या रश्श्यापेक्षा पोटाला अधिक निर्धोक असते, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते.

रामनगरची आणखी एक ख्याती म्हणजे लस्सी. किल्ल्याच्या परिसरातील दुकानांतून ती मातीच्या कुल्हडात मिळते. घट्ट, वर सायीचा वा रबडीचा थर. पेला तोंडाला लावण्यापेक्षा चमच्याने खावी अशीच ती असते. वाराणसीतले लोक खास तेवढ्यासाठी नदी ओलांडतात, म्हणजे येथेही गिऱ्हाईक परत येणारे. येथला भंटा, म्हणजे भले मोठे गोल वांगे, तर इतका नावाजलेला की २०२३ मध्ये ‘रामनगर भंट्या’ला भौगोलिक मानांकन मिळाले. बनारसी लंगडा आंबा आणि बनारसी पान यांनाही ते त्याच सुमारास लाभले. हा भंटा भाजून, बटाटा आणि टोमॅटोसह कुस्करून, वर मोहरीचे कच्चे तेल सोडून ‘चोखा’ करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या बाटीबरोबर खातात. खानदेशी भरिताचा हा सख्खा चुलतभाऊच. जळगावच्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. केवळ तो मेन्यूकार्डावर नसतो, एवढीच अडचण. वांग्याचा खरा हंगाम हिवाळ्याचा, त्यामुळे लीलेच्या दिवसांत तो नेहमीच मनासारखा मिळेल असेही नाही. तुरीची डाळ मात्र बारमाही. हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेली, कांदा-टोमॅटो नसलेली साधी डाळ आणि गरम भात मागितला, तर लहानशा भोजनालयातही आपल्या वरण-भाताच्या जवळ जाणारे काहीतरी पानात पडते. ‘दाल फ्राय’ म्हणू नये, इतकेच पथ्य.

मराठी यात्रा कंपन्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच आपल्या पद्धतीने काढले. त्या सहलीबरोबर आपला आचारीच घेऊन निघतात. शेगड्या, पातेली, तांदूळ, गोडा मसाला सारे सोबत. गंगातीरी पिठले-भात आणि एखाद्या दिवशी पुरणपोळी. वयस्क यात्रेकरूंना त्याने मोठा दिलासा मिळतो, यात शंका नाही. कोणाचा मधुमेह, कोणाचा रक्तदाब, वेळेवर आणि ओळखीचे अन्न ही चैन नसून गरज असते. पण त्या शेगडीची किंमतही आहे. जेवणाच्या वेळी मुक्कामी परतावे लागते, आणि रामनगरची लीला तर संध्याकाळीच रंगते. म्हणून अशा सहलींत रामनगर म्हणजे बहुधा दुपारचा किल्ला आणि त्यातील संग्रहालय, इतकेच उरते.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांना थोड्या पूर्वतयारीने दोन्ही साधता येते. मुख्य जेवण दुपारी बारा-साडेबारालाच उरकावे. काशीत सकाळच्या कचोरी-भाजी-जिलेबीचा भर लवकर ओसरतो, तेव्हा ती हवी असल्यास दर्शनापूर्वी किंवा दर्शन होताच. औषधे घेणाऱ्यांसाठी दशम्या, खाकरे, भाजलेले चणे पिशवीत असावेत. येथे ती पिशवी दारात कोणी अडवत नाही. लीलेच्या विश्रांतीत गर्दी पाहून कढई निवडावी. पाहुण्यांची नव्हे, धोतरवाल्यांची गर्दी. पूर्वी पावसाळ्यात पिपांचा पूल काढून घेतला की नावेने तरी जावे लागे किंवा राजघाटच्या पुलावरून मोठा वळसा पडे. २०१७ मध्ये सामने घाटापासून रामनगरला पक्का पूल झाल्यापासून रात्रीचे परतणे बरेच सुकर झाले आहे.

काशीला गेल्यावर एखादे आवडते फळ वा भाजी कायमची सोडण्याची रीत आपल्याकडे आहे. आजीने पेरू सोडला, आजोबांनी कारले सोडले. (कारले ‘आवडते’ होते की नाही, यावर घरात वाद होतातच.) जिभेवरचा थोडा ताबा अर्पण करून यावे, हा त्यामागचा भाव. तीच मंडळी तेथे पोहोचल्यावर नेहमीच्या चवीसाठी हळहळतात, हे पाहून हसू येते, पण थकलेल्या म्हाताऱ्या माणसाची भूक आणि व्रत या निराळ्या गोष्टी आहेत.

लीलेतील भोजनाचा खरा सोहळा मात्र अगदी शेवटी येतो. राम, सीता, लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न होणारी पाच मुले कित्येक आठवडे घर सोडून व्यासांच्या देखरेखीखाली राहिलेली असतात. सारी लीला संपल्यावर ‘कोट विदाई’च्या दिवशी त्यांना हत्तींवरून किल्ल्यात आणले जाते. काशीनरेश त्यांचे पाय धुतात, हार घालतात आणि त्यांच्यापुढे पाने वाढली जातात. मुकुट ल्यालेली ती मुले सावकाश जेवतात, आणि अंगणात दाटलेले लोक शांतपणे पाहत राहतात. महाराष्ट्रातील बहुतेक पाहुण्यांची परतीची गाडी दसऱ्याच्या आगेमागे असते. ही पंगत बसते तेव्हा ते घरी पोहोचून, पिशव्या रिकाम्या करून, पहिला वरण-भात जेवलेले असतात.