डोंगरवाटेवरील चुरस : विजेवरील माउंटन बाइकचे बदलते अर्थकारण

कोणत्याही व्यवसायात प्रस्थापितांचे लक्ष शेजारच्या दुकानाकडे असते. धक्का मात्र बहुधा भलत्याच आळीतून येतो. घड्याळ, कॅमेरा आणि ट्रान्झिस्टर यांच्या उत्पादकांना हा अनुभव मोबाइल फोनने दिला. युरोपातील विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकच्या व्यवसायाला तो जुलै २०२४ मध्ये आला. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे भरलेल्या 'यूरोबाइक' या प्रदर्शनात एका चिनी कंपनीने सायकलसाठी बनविलेली नवी मोटर मांडली. ही कंपनी सायकलच्या धंद्यातील नव्हती. ती होती ड्रोन बनविणारी 'डीजेआय'. तिच्या मोटरचे नाव 'एव्हिनॉक्स', आणि ती बसविलेल्या सायकलीचे नाव 'ॲमफ्लो'. त्यानंतर एका वर्षाच्या आत या क्षेत्रातील दिग्गजांना आपल्या उत्पादनांचे आकडे नव्याने मांडावे लागले.

हा व्यवसाय आपल्याकडील सर्वसामान्य वाचकास दूरचा वाटेल. परंतु स्पर्धा, मालसाठा, कायदा आणि ग्राहकाचा विश्वास या चार गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे समजून घेण्यास तो उत्तम उदाहरण आहे.

एका छंदाचा उद्योग

माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. मरीन परगण्यातील टॅमल्पायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावरून शर्यती लावीत. १९७६ पासून तेथील 'रिपॅक' शर्यती गाजू लागल्या. १९८१ मध्ये 'स्पेशलाइज्ड' या कंपनीने 'स्टम्पजम्पर' हे मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेले पहिले माउंटन बाइक मॉडेल बाजारात आणले, आणि पाहता पाहता एका छंदाचे जागतिक उद्योगात रूपांतर झाले.

सायकलला विजेची जोड देण्याचा मान जपानच्या यामाहा कंपनीकडे जातो. पायडल मारणाऱ्याच्या जोराला मोटरने साथ द्यावी, या तत्त्वावरील 'पास' ही सायकल तिने १९९३ मध्ये विक्रीस आणली. डोंगरवाटांसाठी मात्र हे तंत्र रुजण्यास आणखी दीड तप जावे लागले. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या जर्मनीच्या बॉश कंपनीने सायकलच्या मोटरींचा विभाग सुरू केला, आणि २०१० च्या सुमारास 'हायबाइक' या जर्मन कंपनीने ती मोटर बसविलेली माउंटन बाइक सादर केली. जाणकार सायकलपटूंनी प्रारंभी तिची थट्टा केली. पायांत बळ नसलेल्यांची ही सोय, असा त्यांचा शेरा होता. चढणीचा शीण कमी झाला की वयस्क माणूस, हौशी गृहिणी किंवा आठवड्यातून एकदाच सवड मिळणारा नोकरदारही डोंगरमाथा गाठू शकतो, हे बाजाराने लवकरच दाखवून दिले.

आज या बदलाची व्याप्ती मोठी आहे. जर्मनीत २०२३ मध्ये सुमारे ४० लाख सायकली विकल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २१ लाख विजेवरील होत्या. साध्या सायकलींपेक्षा विजेवरील सायकलींची विक्री अधिक होण्याचे तेथील ते पहिलेच वर्ष होते.

तटबंदी कशाची होती?

या सायकलीची मोटर पायडलच्या आसापाशी बसविलेली असते. स्वार किती जोराने आणि किती वेगाने पायडल मारतो, हे संवेदक क्षणोक्षणी मोजतात आणि त्या प्रमाणात मोटर साथ देते. स्वार थांबला की मोटरही थांबते. म्हणजेच येथे सायकलचा सांगाडा बनविणारा एक आणि तिचे हृदय पुरविणारा दुसरा, अशी विभागणी आहे.

याच विभागणीतून पुरवठादारांचे वर्चस्व निर्माण झाले. मोटर, बॅटरी, चार्जर, पडदा आणि संगणकप्रणाली हे सारे एकाच कंपनीचे असते. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मोटरला चालत नाही. शिवाय मोटरच्या आकारानुसार सायकलचा सांगाडा घडवावा लागतो. त्यामुळे एकदा पुरवठादार निवडला की सायकल उत्पादकाला ती निवड काही वर्षे सहजी बदलता येत नाही. वाणिज्यशास्त्रात ज्याला पुरवठादार बदलण्याचा खर्च म्हणतात, तो येथे फार मोठा आहे. याखेरीज बॉशसारख्या कंपनीने गावोगावच्या सायकल दुकानदारांना प्रशिक्षण देऊन दुरुस्तीचे जाळे विणले. जपानच्या शिमानो कंपनीने २०१६ मध्ये डोंगरवाटांसाठी खास मोटर आणली, तेव्हा तिच्या पाठीशी गिअर आणि ब्रेकच्या व्यवसायातील प्रदीर्घ कीर्ती उभी होती.

अशी तटबंदी असली की प्रगतीचा वेग मंदावतो. मोटरचा फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो न्यूटन-मीटर या एककात मोजतात. बॉशच्या डोंगरी मोटरचा टॉर्क २०१४ मध्ये ७५ होता. २०२० मध्ये तो ८५ झाला. २०२४ मध्ये या मोटरची नवी पिढी आली, तेव्हाही तो ८५ च राहिला. दहा वर्षांत वाढ झाली ती एवढीच. मोटर अधिक हलकी, शांत आणि टिकाऊ होत गेली हे खरे. परंतु घाई करण्याचे कारण कोणापाशी नव्हते.

नवागताचे बळ

२०२२ मध्ये जर्मनीच्याच टीक्यू या कंपनीने केवळ १.८५ किलो वजनाची, ५० न्यूटन-मीटर टॉर्कची शांत मोटर आणून हलक्या सायकलींचा वेगळा वर्ग निर्माण केला होता. मात्र हलकेपणा हवा असेल तर शक्ती सोडावी लागेल, हा समज तिने मोडला नाही. तो मोडला एव्हिनॉक्सने.

एव्हिनॉक्स मोटरचे वजन २.५२ किलो, म्हणजे बॉशच्या नव्या मोटरपेक्षाही थोडे कमी. तिचा टॉर्क १०५ न्यूटन-मीटर, आणि थोड्या वेळासाठी वाढीव जोर घेतल्यास १२०. कमाल शक्ती ८५० वॉट, तर वाढीव जोरात १,००० वॉटपर्यंत. बॅटरी जलद भरण्याची सोयही तिच्यात आहे. कंपनीने आपल्या सर्वांत हलक्या सायकलीचे वजन १९.२ किलो जाहीर केले, तर साध्या आवृत्तीची किंमत सुमारे साडेसहा हजार युरो ठेवली. या वर्गातील नामवंत सायकलींच्या तुलनेत ती सौम्य होती.

हे एकाएकी कसे साधले? ड्रोनच्या व्यवसायात प्रत्येक ग्रॅमला किंमत असते. छोटी पण जोरकस मोटर, कमी वजनात अधिक वीज साठविणारी बॅटरी आणि क्षणार्धात निर्णय घेणारी संगणकप्रणाली हे तेथील नित्याचे काम. डीजेआयने सायकलच्या धंद्यात पाऊल ठेवले तेव्हा तिने विद्या नव्याने शिकली नाही. असलेली विद्या दुसऱ्या शेतात पेरली. ड्रोनच्या मोठ्या उत्पादनातून आलेला पुरवठादारांचा संचही तिच्या हाती होताच.

२०२५ मध्ये कॅनडाची फॉर्बिडन, स्पेनच्या उन्नो आणि मेगामो अशा कंपन्यांनी एव्हिनॉक्स मोटर असलेल्या सायकली जाहीर केल्या. येथे एक व्यापारी पेच मात्र आहे. बॉश स्वतः सायकल विकत नाही. म्हणून सायकल उत्पादकांना ती प्रतिस्पर्धी वाटत नाही. एव्हिनॉक्सची मोटर घेणाऱ्याला मात्र त्याच घरातून आलेल्या ॲमफ्लो सायकलीशीही सामना करावा लागतो. पुरवठादारच गिऱ्हाइकाचा स्पर्धक झाला, तर भागीदारीचा पाया किती भक्कम राहील, हा प्रश्न प्रत्येक छोट्या उत्पादकापुढे आहे.

युरोपीय महासंघाने चीनमधून येणाऱ्या विजेवरील सायकलींवर २०१९ मध्ये संरक्षक शुल्क लावले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आणखी पाच वर्षांसाठी वाढविले. हे शुल्क तयार सायकलीवर आहे. नव्या स्पर्धेचा केंद्रबिंदू मात्र सायकलच्या पोटातील मोटर हा आहे. जुन्या भिंती नव्या वाटेवर नसतात, हे येथेही दिसते.

प्रस्थापितांचे उत्तर

बॉशने २०२५ च्या उन्हाळ्यात उत्तर दिले. तिच्या नव्या पिढीच्या मोटरचा टॉर्क ८५ वरून १०० न्यूटन-मीटर आणि कमाल शक्ती ६०० वरून ७५० वॉट झाली. विशेष असे की यासाठी नवी मोटर घ्यावी लागली नाही. आधीच विकलेल्या सायकलींनाही मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने ही वाढ मिळू शकली. याचा एक अर्थ असाही निघतो की वाढीव जोर यंत्रात मुळातच दडलेला होता. तो बाहेर काढण्यास स्पर्धेची निकड लागली. स्पेशलाइज्डनेही २०२५ मध्ये आपल्या 'टर्बो लेव्हो' या सायकलीची नवी आवृत्ती १०१ न्यूटन-मीटर टॉर्कसह आणली. यामाहाने एकीकडे अमेरिकेतील विजेच्या सायकलींची विक्री थांबविण्याचे २०२४ मध्ये ठरविले आणि दुसरीकडे २०२५ मध्ये जर्मनीच्या ब्रोझ कंपनीचा सायकल मोटरींचा व्यवसाय आपल्याकडे घेण्याचा निर्णय केला. शक्ती एकवटण्याचाच हा मार्ग होय.

अवेळी आलेली चुरस

ही चुरस सुगीच्या दिवसांत आली असती तर तिचा चटका कमी बसला असता. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, सायकलींची मागणी अफाट वाढली. माल मिळेना म्हणून दुकानदारांनी एकाच वेळी अनेकांकडे मागण्या नोंदविल्या आणि कारखान्यांनी त्या खऱ्या मानून उत्पादन वाढविले. साथ ओसरली, मागणी सामान्य पातळीवर आली, आणि गोदामे मात्र भरलेली राहिली. शिमानो कंपनीची एकूण विक्री २०२२ मध्ये सुमारे ६२९ अब्ज येन होती. २०२३ मध्ये ती सुमारे ४७४ अब्ज येनवर आली. थेट ग्राहकांना सायकली विकणाऱ्या जर्मनीच्या वायटी इंडस्ट्रीज या नावाजलेल्या कंपनीस जुलै २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

गोदामातील माल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो. परंतु तंत्र वेगाने बदलत असेल तर तीच मालमत्ता रोज झिजत असते. ८५ न्यूटन-मीटरची न विकलेली सायकल आणि शेजारी १०५ ची नवी सायकल, असे चित्र दुकानात उभे राहिले की जुनीवर सवलत द्यावीच लागते. त्या सवलतीतून नफा जातो, आणि कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही.

किती शक्ती पुरे?

या सर्वांहून गंभीर प्रश्न कायद्याचा आहे. युरोपात पायडलला साथ देणारी मोटर २५० वॉट अखंड शक्तीपर्यंतची असेल आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला तिची साथ थांबत असेल, तर ते वाहन सायकल मानले जाते. त्याला नोंदणी, विमा किंवा वाहनचालक परवाना लागत नाही. जेथे सायकलला मुभा आहे अशा जंगलवाटांवर ते जाऊ शकते. या व्याख्येत अखंड शक्तीचा उल्लेख आहे. क्षणिक कमाल शक्तीचा नाही. त्यामुळे कागदावर २५० वॉटची मोटर चढणीवर काही काळ ८५० किंवा १,००० वॉट देऊ शकते.

ही फट रुंदावत गेली तर एक दिवस शासन म्हणेल की हे वाहन सायकल नव्हे, मोपेड आहे. तसे झाल्यास सर्वांत मोठे नुकसान ज्यांनी शक्तीची शर्यत मागितलीच नव्हती त्या सामान्य ग्राहकांचे होईल. हे ओळखूनच जर्मन सायकल उद्योगाच्या संघटनेने कमाल शक्ती ७५० वॉटपर्यंत मर्यादित ठेवावी, अशी भूमिका घेतली. प्रस्थापितांना नवागताला आवर घालायचा आहे, अशी टीका त्यावर झाली. टीकेत तथ्य असू शकते. तरीही सायकल ही सायकलच राहावी, या आग्रहातही तथ्य आहेच.

भारताच्या दृष्टीने

भारतातही पायडलला साथ देणारी मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर असेल, तर नोंदणी लागत नाही. हिरो मोटर्स आणि यामाहा यांच्या भागीदारीतून लुधियाना येथे या मोटरींच्या उत्पादनाचा प्रकल्प उभा राहिला. पुण्यात २०२० मध्ये स्थापन झालेली ईमोटोरॅड ही कंपनी माउंटन बाइकच्या धाटणीच्या विजेवरील सायकलीही बनविते. युरोपातील महागड्या सायकलींची बाजारपेठ आपल्याकडे लगेच निर्माण होणार नाही. सुट्या भागांचा पुरवठा करणाऱ्या आपल्या उद्योजकांना मात्र तेथील घडामोडींतून बरेच शिकता येईल. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणे, तेजीतील मागणी कायमची समजून साठा वाढविणे, आणि आपला स्पर्धक आपल्यासारखाच असेल असे मानणे, हे तीन धोके लुधियानात तितकेच खरे आहेत जितके फ्रँकफर्टमध्ये.

शर्यतीचा खरा निकाल

नव्या स्पर्धेने ग्राहकाचा लाभ झाला, यात शंका नाही. कमी वजन, अधिक जोर आणि वाजवी किंमत हे तिचे फळ होय. परंतु अशी सायकल हा काही वर्षांचा संसार असतो. पाचव्या वर्षी बॅटरी मिळेल काय, सातव्या वर्षी मोटर कोण दुरुस्त करील, आणि दहाव्या वर्षी तिची संगणकप्रणाली जपणारी कंपनी त्या धंद्यात असेल काय, या प्रश्नांची उत्तरे न्यूटन-मीटरमध्ये मिळत नाहीत. नवागताला शक्ती सिद्ध करण्यास एक प्रदर्शन पुरले. सेवा सिद्ध करण्यास त्याला अनेक वर्षे द्यावी लागतील. प्रस्थापितांकडे ती वर्षे आहेत, पण केवळ त्या पुण्याईवर त्यांना आता निवांत राहता येणार नाही.

सुज्ञ ग्राहकाने आणि उद्योजकानेही हा भेद ध्यानी ठेवावा. चढ कोण लवकर चढतो, हे डोंगरावर दिसते. सोबत कोण टिकतो, हे मात्र दुरुस्तीच्या दुकानात कळते.