नैराश्यावरची गोळी बंद केली आणि चक्कर सुरू झाली: आजार परतला की गोळी सुटली?

पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद होतो आणि भोर, वेल्हे भागात भातलावणीची घाई सुरू होते. (वेल्हे तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड आहे, बोलण्यात मात्र वेल्हेच टिकून आहे.) अशा दिवसांत नैराश्यावरच्या गोळ्यांची पट्टी संपली, की पुण्याला डॉक्टरांकडे जाणे लावणी उरकेपर्यंत पुढे ढकलले जाते. तसे बरेही वाटत असते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके गरगरू लागते. मान वळवली की डोक्यात क्षणभर करंट बसल्यासारखे होते. मळमळते, घाम फुटतो, रात्री विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्ने पडतात, कारण नसताना रडू येते किंवा चिडचिड होते. घरातले कोणी म्हणते आजार उलटला, कोणी म्हणते गोळीचे व्यसन लागले, आणि कोणी देवऋष्याचे नाव काढते.

बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. शरीराला ज्या औषधाची सवय झाली होती ते एकदम काढून घेतल्यावर उमटणारी ही प्रतिक्रिया असते. ती ओळखता आली तर पुढचे दोन चुकीचे निर्णय टळतात: घाबरून जन्मभर गोळी चालू ठेवणे, किंवा दात-ओठ खाऊन अंगावर काढणे.

शरीरात नेमके काय होते?

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटिन, फ्लूओक्सेटिन यांसारखी औषधे मेंदूत सेरोटोनिनचे शोषण अडवतात, त्यामुळे ते पेशींच्या मधल्या जागेत जास्त काळ राहते. काही आठवड्यांत मेंदू या नव्या पातळीशी जुळवून घेतो. औषध अचानक थांबले की पातळी उतरते, पण मेंदूची जुळणी जुनीच असते. ती बदलायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात वरची लक्षणे दिसतात.

कोणते औषध आहे यावर बरेच अवलंबून असते. व्हेनलाफॅक्सीन आणि पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे एखाद-दुसरी गोळी चुकली तरी काहींना जाणवते. फ्लूओक्सेटिन पूर्ण जायला कित्येक आठवडे लागतात. ते स्वतःच हळूहळू कमी होत जाते, म्हणून त्रास सहसा कमी आणि उशिरा होतो.

याला व्यसन म्हणता येत नाही. या गोळीची तलफ येत नाही, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. सवय शरीराची असते, मनाची ओढ नसते. अर्थात ज्याला चक्कर येते आहे त्याला या फरकाने फारसा दिलासा मिळत नाही, आणि डॉक्टरांनीही पूर्वी हा त्रास बराच हलक्यात घेतला होता. तो सौम्य असतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातो, असेच वर्षानुवर्षे सांगितले गेले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्सने २०१९ मध्ये भूमिका बदलली आणि काहींना तो तीव्र व दीर्घकाळ होऊ शकतो हे मान्य केले.

किती जणांना होतो? २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली. पण नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्के लोकांनी तशीच तक्रार केली. म्हणजे औषधामुळेच त्रास झालेले साधारण सहा-सातांत एक. तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतले होते, यावर टीका झाली आहे. पाच-दहा वर्षे गोळी घेणाऱ्याने हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये.

आजार परतला, हे कसे ओळखायचे?

पहिली खूण वेळेची. गोळी सुटल्याचा त्रास सहसा काही दिवसांत सुरू होतो. नैराश्य परतायला बहुधा आठवडे-महिने लागतात आणि ते हळूहळू दाटत येते. दुसरी खूण लक्षणांची. करंट बसल्यासारखे झटके, चक्कर, मळमळ, हातापायांना मुंग्या या गोष्टी नैराश्याच्या ओळखीच्या नाहीत. त्या दिसल्या तर आधी गोळीचा हिशेब पाहावा. तिसरी खूण अशी, की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू केल्यावर हा त्रास पुष्कळदा एक-दोन दिवसांत ओसरतो, तर नैराश्याला उतार पडायला आठवडे जातात.

तरीही दोन्हींची गल्लत होते, आणि आजार खरोखर परतूही शकतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्या ४७८ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळी हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्य परतले. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणून गोळी सोडायची की नाही हा प्रश्न आधीचा आहे, आणि तो लावणीच्या गडबडीत पट्टी संपली म्हणून आपोआप सुटू देण्यासारखा नाही.

शेवटचा उतार सर्वांत अवघड का?

भोरहून महाडकडे जाताना नीरा-देवघर धरणाच्या कडेचा बराचसा रस्ता तसा सौम्य आहे. वरंध्याला कडा येतो आणि मग रस्ता एकदम कोकणात उतरतो. गोळीची मात्राही अशीच वागते. सिटालोप्रॅम या औषधाची मोजणी पाहा: ६० मिलिग्रॅमला ते सेरोटोनिनच्या वाहकांपैकी सुमारे ८८ टक्के अडवते, २० ला ८० टक्के, ९ ला ७० टक्के आणि जेमतेम ५ मिलिग्रॅमलाही ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ६० वरून २० वर येताना मेंदूला फारसा फरक पडत नाही, पण ५ वरून शून्यावर येताना सगळा कडा एकदम उतरावा लागतो. 'अर्धी गोळी केली तेव्हा काहीच झाले नाही, अर्धी बंद केली आणि आडवा झालो', या तक्रारीचे कारण हेच.

त्यामुळे मात्रा कमी होत जाईल तशी पायरी लहान करायची असते. दोन ते चार आठवड्यांनी एक पायरी ही नेहमीची चाल; थोडे महिने औषध घेतलेल्याला काही आठवडे पुरतात, वर्षानुवर्षे घेतलेल्याला कित्येक महिने लागू शकतात. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर आधीच्या मात्रेवर परत जाऊन तिथे थांबायचे आणि पुढची पायरी आणखी लहान घ्यायची. एक दिवसाआड गोळी हा सोपा वाटणारा उपाय बहुतेक औषधांना चालत नाही, कारण त्याने रक्तातली पातळी रोज वर-खाली होते. व्हेनलाफॅक्सीनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल कुटून किंवा चावून घेऊ नयेत.

पट्टी उलटून पाहणे सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली औषधे सर्रास दिली जातात. क्लोनाझेपाम दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवले तर फिट येऊ शकते. पट्टीवर दोन नावे दिसली तर ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये, आणि दोन्ही औषधे कशी वेगवेगळी उतरवायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. गरोदर बाईनेही बातमी कळताच घाबरून गोळी टाकून देऊ नये.

त्या दिवसांत काय करावे?

पायरी उतरण्यासाठी लावणी-कापणीचे, लग्नसराईचे दिवस टाळावेत. चक्कर येत असेल तर दुचाकीवरून घाटात जाऊ नये, पॉवर टिलर दुसऱ्याच्या हाती द्यावा. झोप येत नाही म्हणून दारू घेणे हा सर्वांत वाईट उपाय. रोजची मात्रा आणि लक्षणे वहीत लिहिली तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना नेमके सांगता येते. पावसाआधीच जादा महिन्याची चिठ्ठी मागून ठेवावी.

जीव द्यावासा वाटणे, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसतानाही अंगात उधाण असणे किंवा फिट येणे यात मात्र थांबू नये. भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. तिथून गरजेप्रमाणे पुण्याला पाठवता येते. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर 'टेली-मानस' ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. फोन करताना पट्टी हातात असावी: औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली, एवढे सांगता आले तरी पलीकडच्या माणसाचे अर्धे काम होते.