कान्होजी चाचे की सरखेल? विकिपीडियावरचं भांडण कसं मिटतं

मुलांचा शाळेचा प्रकल्प असो की गावच्या किल्ल्याची माहिती, मोबाइलवर शोधलं की बहुतेक वेळा विकिपीडियाचं पान समोर येतं. हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतं आणि कुणीही बदलू शकतं. मग एकीने लिहिलं आणि दुसऱ्याने खोडलं, तर खरं कोणाचं धरायचं? आज आपण तेच समजून घेऊ.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपला मराठी विश्वकोश वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. तिथे जाणकार लिहितात, संपादक तपासतात आणि त्यांचा शब्द शेवटचा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याला असा प्रमुख संपादक नाही. लिहिणारे सगळे हौशी, बिनपगारी. म्हणून वाद मिटवायची रीतही वेगळी.

आपल्या अलिबागचंच उदाहरण घेऊ. कान्होजी आंग्रे यांची समाधी इथे आहे. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत त्यांना समुद्रावरचे चाचे म्हटलंय. मराठी राज्यात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारी जहाजं त्यांचं आरमार पकडायचं. इंग्रजांच्या लेखी ती लूट होती, मराठ्यांच्या लेखी आपल्या समुद्रावरचा हक्क. आता समजा, एकाने लेखात ‘चाचे’ लिहिलं. दुसरीने रागाने ते पुसून ‘थोर सरखेल’ केलं. पहिल्याने पुन्हा बदललं. आता पुढे काय होतं?

पहिली गोष्ट, पुसलेलं सहसा नाहीसं होत नाही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी काय बदललं, ते तिथे दिसतं. जुना मजकूर परत आणता येतो.

दुसरी गोष्ट, खोडाखोड चालू ठेवायची नाही. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं, तर तुमचं लिहिणं काही काळ बंद होऊ शकतं. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरीही.

तिसरी गोष्ट, बोलायचं. प्रत्येक लेखामागे ‘चर्चा’ नावाचं पान असतं. तिथे आपलं म्हणणं मांडायचं आणि खाली सही करायची. बोलायचं ते मजकुराबद्दल, माणसाबद्दल नाही. ‘तुम्हाला काय कळतं?’ हे चालत नाही. ‘हे कोणत्या पुस्तकात आहे?’ हे चालतं.

दोघांचं तरीही जमलं नाही तर तिसऱ्याला बोलवायचं. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’ असं छान नाव आहे. इंग्रजीत मोठ्या वादासाठी सगळ्यांची मतं मागवतात आणि अशी चर्चा साधारण महिनाभर चालते. शेवटी वादात नसलेला कुणीतरी ती वाचून निष्कर्ष लिहितो. तेव्हा तो नुसती डोकी मोजत नाही. दहा जणांनी ‘आम्हाला असंच वाटतं’ म्हटलं आणि एकीने चांगला पुरावा दिला, तर त्या एकीच्या बाजूने निकाल जाऊ शकतो.

मग प्रचालक कशासाठी? भांडण फारच वाढलं तर ते पान काही दिवस कुलूपबंद करतात, दांडगाई करणाऱ्याला थांबवतात. पण कान्होजी कोण होते, हे प्रचालक म्हणून त्यांनी ठरवायचं नसतं. इंग्रजीत याच्याही वर निवडून आलेलं लवाद मंडळ आहे. तेही लोकांच्या वागण्याचा न्याय करतं, मजकुराचा नाही.

मग कान्होजींचं काय लिहायचं? इथे तटस्थपणाचा नियम येतो. कोशाने आपल्या तोंडाने ‘चाचे’ म्हणायचं नाही आणि ‘थोर’ही म्हणायचं नाही. कोण काय म्हणालं ते नावानिशी सांगायचं. इंग्रजांनी चाचे म्हटलं, मराठी राज्यात ते सरखेल होते, आणि इतिहासकार त्यांच्याकडे कसे पाहतात, हे सगळं संदर्भासह द्यायचं.

बेने इस्रायली समाजाचंही तसंच. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं त्यांची परंपरा सांगते. ते नेमके कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा ‘परंपरा सांगते’ हे दोन शब्द घातले की परंपरेचाही मान राहतो आणि इतिहासाचाही.

प्रत्येक वाद असा चर्चेच्या पानावर मिटतोच असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुराला आक्षेप घेतला गेला. महाराष्ट्र सायबर विभागाने तो मजकूर काढण्यासाठी नोटीस पाठवली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. अशा पानावर एकेका ओळीचं वजन केवढं असतं, ते यावरून कळतं.

आता आपल्या बायकांशी याचा संबंध काय, तो बघू. गावकीच्या बैठकीत अजूनही बऱ्याच ठिकाणी बाई बोलत नाही, नुसती ऐकते. विकिपीडियाच्या चावडीवर तुम्ही बाई आहात की पुरुष, हे सांगावंही लागत नाही. तरी लिहिणाऱ्यांत बायका फार थोड्या आहेत, हे वेळोवेळी झालेल्या पाहण्यांत दिसलंय. ज्या चर्चेत आपण नसतो, तिथे आपला विषयही मागे पडतो.

दुसरी अडचण पुराव्याची. कॅनडाच्या शास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला. कारण काय, तर त्यांच्याबद्दलचे स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा कुठे लेख उभा राहिला. एवढ्या मोठ्या बाईंची ही गत, तर आमच्या कोळणीची काय? बोंबील किती उन्हं खाल्ल्यावर टिकतो, हे ती डोळे मिटून सांगेल. पण ‘आमच्या आजीने सांगितलं’ हा तिथे संदर्भ होत नाही. हा नियम थापा रोखतो, हे खरं. पण ज्यांचं कधी छापूनच आलं नाही, त्यांना तो बाहेरही ठेवतो.

म्हणून आमचं सांगणं तीन गोष्टींचं. एक, पान वाचलं की चर्चा आणि इतिहासही उघडून बघा, कुठे वाद आहे ते लगेच कळेल. दोन, आपल्या गावाबद्दल चूक दिसली तर चिडून पुसू नका. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक देऊन दुरुस्त करा. हात बसेपर्यंत सरावासाठी तिथे ‘धूळपाटी’ आहे. तीन, आपल्या आज्या-मावश्यांकडचं ज्ञान लिहून काढा. ते चांगल्या संपादकाच्या हाताखालून पुस्तकात, मासिकात, महाविद्यालयाच्या अभ्यासात छापून येईल असं बघा. उद्या कुणी चर्चेच्या पानावर पुरावा मागितला, तर दाखवायला आपल्या हातात कागद असेल.