चीतपट होण्याचं कसब

पिळदार दंडांचा आडदांड पुरुष आणि त्याच्या गळ्यात अचानक पडलेलं पोर, एवढ्या भांडवलावर हॉलिवूडने कौटुंबिक विनोदी चित्रपटांची एक अख्खी जात पोसली आहे. 1990 च्या ‘किंडरगार्टन कॉप’मध्ये सात वेळा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ ठरलेला अर्नोल्ड श्वार्झनेगर बालवाडीच्या वर्गात शिरला. 1993 मध्ये हल्क होगन ‘मिस्टर नॅनी’ झाला. 2007 च्या ‘द गेम प्लॅन’मध्ये ड्वेन जॉन्सनच्या दारात आठ वर्षांची लेक येऊन उभी राहिली, तर 2019 च्या ‘प्लेइंग विथ फायर’मध्ये जॉन सीनाच्या पदरी तीन भावंडं पडली. समीक्षकांनी यांतल्या बहुतेकांना साचेबंद म्हणून निकालात काढलं. साचा आहेच. पण या भूमिकांना कसलेले नट सोडून पहिलवान का लागतात? राकट शरीर आणि नाजूक काम यांच्यातली विसंगती, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. ते हसू दहा मिनिटांत विरतं. उरलेला दीड तास हे लोक तारून नेतात, तो चारचौघांत हरण्याच्या कसबावर.

होगन, जॉन्सन आणि सीना ज्या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतून आले, तिचा निकाल आधीच ठरलेला असतो, म्हणून ती खोटी, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात लागणारी तालीम मात्र खरी असते. ‘बॉडी स्लॅम’ नीट पाहा. उचलणाऱ्याचा एक हात समोरच्याच्या खांद्यावरून आणि दुसरा मांड्यांमधून जातो. उचलला जाणारा स्वतःच उडी मारून त्याला साथ देतो, हनुवटी छातीशी घेतो आणि सपाट पाठीवर पडतो, म्हणजे डोक्याला मार लागत नाही. मग वेदना शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसावी म्हणून तो तोंड वेडंवाकडं करून कळवळतो. धंद्याच्या भाषेत याला ‘सेलिंग’ म्हणतात. दुसऱ्याचं शरीर सांभाळणं आणि स्वतःची फजिती रंगवणं, हे दोन्ही जॉन्सनच्या घरातच होतं: वडील रॉकी जॉन्सन आणि आजोबा पीटर मैविया दोघेही कुस्तीगीर. ‘द गेम प्लॅन’मध्ये लेक त्याचा फुटबॉल चमचमत्या खड्यांनी मढवते, पुढे त्याला बॅलेच्या मंचावर उतरवते, आणि तो प्रत्येक वेळी पुरता हरतो. चित्रपटाने जगभरात 14 कोटी डॉलरहून अधिक कमावले.

मग सर्वांत नामांकित कुस्तीगीर असलेल्या होगनचा ‘मिस्टर नॅनी’ का आपटला? कारण पोरांच्या सापळ्यांत त्याला अडकवून झालं की कथा खलनायक आणि ठोसाठोशीकडे पळते. हरणं तिथे मधली अडचण ठरतं. उलट कुस्तीगीर नसलेला श्वार्झनेगर जिंकतो, कारण दिग्दर्शक आयव्हन राइटमन त्याला हरू देतो. तो वर्गावर खेकसतो, पोरं क्षणभर गप्प होतात आणि मग भोकाड पसरतात. त्या शरीराचा तिथे काडीचाही उपयोग नसतो. आपल्याकडे 1989 च्या ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’त अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते. हे दोघे जिभेचे आणि वेळ साधण्याचे वस्ताद, त्यामुळे तिथला विनोद निराळ्या वाटेने जातो.

याहून गंभीर आक्षेप असा, की बायका रोज बिनबोभाट उपसतात त्या कामासाठी या चित्रपटांत पुरुषाला टाळ्या मिळतात. आक्षेप खरा आहे, आणि पुरावा पटकथांमध्येच सापडतो. ‘मिस्टर नॅनी’ आणि ‘द गेम प्लॅन’मध्ये आई हयात नाही. ‘किंडरगार्टन कॉप’मध्ये तर शिक्षिका म्हणून वर्गात जायची असते श्वार्झनेगरची सहकारी ओ’हारा, जिला शिकवण्याचा अनुभव आहे, तिचं पोट बिघडवून पटकथा तिला बाजूला सारते. हा अन्यायच आहे, आणि चांगल्या प्रसंगांनी तो धुऊन निघत नाही. तरीही मूल सांभाळणं हे अंगमेहनतीचं काम आहे, धडधाकट माणसालाही ते लोळवतं, हे एवढ्या लख्खपणे पडद्यावर फार थोड्या गंभीर चित्रपटांनी दाखवलं. जो माणूस ताकदीवर जगतो त्यालाच घाम फुटलेला पाहिला, की हे काम सोपं असल्याचा समज टिकत नाही. आणि आईला पुसून टाकणं या प्रकाराला अपरिहार्यही नाही. कुस्तीगीर डेव्ह बटिस्टाच्या ‘माय स्पाय’मध्ये आई परिचारिका आहे, कामावर जाते, निर्णय घेते, पाळत ठेवायला आलेल्या गुप्तहेराला तिची लेक रंगेहाथ पकडते आणि त्यालाच कामाला जुंपते.