विश्लेषण : कपाशीच्या रंगीत बियाण्यावर नेमके काय असते? ‘निओनिक्स’चा मधमाश्या, पक्षी आणि माणसांना धोका किती?

कपाशीच्या बियाण्याचे पाकीट फोडले की आतली सरकी लाल, गुलाबी किंवा निळसर दिसते. बियाण्याला औषध लावले आहे, ते खाण्यात येऊ नये, याची ती खूण. या थरात अनेकदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असते. ही दोन्ही कीटकनाशके निओनिकोटिनॉइड, म्हणजेच ‘निओनिक्स’ गटातली. युरोपीय महासंघाने त्यांच्या शेतातील वापरावर बंदी घातली आहे; भारतात ती सर्रास वापरली जातात.

ही कीटकनाशके काम कशी करतात?

नावातच निकोटिन आहे, कारण त्यांची रासायनिक रचना तंबाखूतील निकोटिनशी मिळतीजुळती आहे. एका मज्जापेशीकडून दुसरीकडे संदेश नेण्याचे काम ॲसिटिलकोलिन हे रसायन करते. ते ज्या रिसेप्टरवर बसते, तिथेच निओनिक्स जाऊन बसतात आणि लवकर हटत नाहीत. विजेचे बटण चालू स्थितीतच अडकावे, तसे होते. कीटक थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो.

इमिडाक्लोप्रिड १९९१ मध्ये बाजारात आले. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रसशोषक किडींवर ते प्रभावी ठरले. ही औषधे आंतरप्रवाही आहेत. बियाण्याला लावलेले औषध मुळांतून शोषले जाते आणि खोड, पाने, परागकण, मकरंद असे सगळीकडे पोहोचते.

मग अडचण कुठे आहे?

बियाण्यावरील औषधाचा थोडाच भाग पिकात जातो. बाकीचा मातीत राहतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. काही जमिनींत त्याचे अंश वर्षाहून अधिक काळ टिकतात. शिवाय औषध पिकात भिनल्यावर ते किडीने खाल्ले की मधमाशीने, हा भेद उरत नाही.

२००८ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मक्याच्या पेरणीवेळी बियाण्यावरील क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि मधमाश्यांच्या ११ हजारांहून अधिक वसाहतींना फटका बसला. अल्प मात्रेनेही नुकसान होते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये मधमाश्यांच्या पाठीवर सूक्ष्म टॅग बसवून पाहिले. थायामेथोक्झामची अल्प मात्रा दिलेल्या अनेक माश्यांना परतीची वाट सापडली नाही. २०१७ मध्ये जगभरातील मधाचे १९८ नमुने तपासले, तेव्हा ७५ टक्के नमुन्यांत किमान एक निओनिक सापडले. बहुतेक नमुन्यांतील प्रमाण माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी होते.

पक्षी आणि माशांचे काय?

नेदरलँड्समध्ये ज्या भागांतील पाण्यात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण जास्त होते, तिथे कीटकभक्षी पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. जपानमधील शिन्जी सरोवराच्या परिसरात भातशेतीत १९९३ पासून निओनिक्सचा वापर सुरू झाला. त्यानंतर पाण्यातले कीटक आणि सूक्ष्मजीव घटले. त्यांच्यावर जगणाऱ्या स्मेल्ट माशांचे वार्षिक उत्पादन २४० टनांवरून २२ टनांवर आले. या दोन्ही अभ्यासांतील संबंध सांख्यिकीय आहे, पण त्यांची दिशा एकच आहे.

माणसाला धोका किती?

सस्तन प्राण्यांच्या रिसेप्टरना निओनिक्स तितक्या घट्ट चिकटत नाहीत. म्हणून मोनोक्रोटोफॉससारख्या जुन्या औषधांपेक्षा ती माणसासाठी कमी विषारी मानली जातात. पण कमी विषारी म्हणजे निर्धोक नव्हे. अमेरिकेतील २०१५-१६ च्या पाहणीत तीन वर्षांवरील सुमारे निम्म्या लोकांच्या लघवीत निओनिक्सचे अंश आढळले. गर्भातील व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, अशी शंका युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये मांडली. २०२४ मध्ये याच यंत्रणेने ॲसिटामिप्रिडची रोजची सुरक्षित मर्यादा पाचपट कमी करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेव्हा अनेक औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती. त्यानंतर राज्याने तात्पुरती बंदी घातलेल्या औषधांत फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रणही होते. इथे एक गोष्ट महत्त्वाची : ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, निओनिक्सवर असा खास उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

बंदी हाच उपाय आहे का?

युरोपीय महासंघाने २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये तीन प्रमुख निओनिक्सचा उघड्या शेतातील वापर थांबवला. तरीही वाद संपलेला नाही. फ्रान्सच्या संसदेने २०२५ मध्ये ॲसिटामिप्रिडला पुन्हा वाट मोकळी करणारा कायदा केला. ती तरतूद तिथल्या घटना परिषदेने रद्द केली. पर्याय नसेल तर पीक हातचे जाते, हा शेतकऱ्यांचा मुद्दाही खोटा नाही.

मात्र अतिवापराने औषधच निकामी होते. कपाशीवरील तुडतुड्यांमध्ये इमिडाक्लोप्रिडला प्रतिकारशक्ती तयार झाल्याचे आपल्याकडे दिसले आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- बियाण्याला निओनिक लावलेले असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच गटातील औषध पुन्हा फवारू नका.
- पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. डाळिंब, सूर्यफूल आणि कांदा बीजोत्पादनात मधमाशी गेली की उत्पन्न घटते. फवारावेच लागले, तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी फवारा.
- दुकानदाराच्या सांगण्यावरून औषधे एकत्र मिसळू नका.
- उरलेली सरकी जनावरांना घालू नका, उघड्यावरही टाकू नका.
- फवारणीनंतर मळमळ, चक्कर किंवा धाप जाणवली, तर औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्या लेबलवर अवलंबून असतो.