कॅलिपरचा लाल रंग का काळवंडतो?

गाडीच्या चाकातून डोकावणारा ब्रेकचा लाल कॅलिपर मोठा ऐटदार दिसतो. पण तो तपकिरी पडला किंवा रंगाचे पापुद्रे सुटले, तर आधी कारण शोधायचं, रंगाचं मग बघायचं.

ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतात आणि उष्णता तयार होते. आंबोलीसारखा घाट उतरताना ब्रेक दाबूनच ठेवला, तर ती कॅलिपरपर्यंत पोचते. एकाच चाकाचा रंग गेला असेल, तर पिस्टन अडकल्याची शंका घ्या. मेकॅनिककडून पिस्टन, रबरी सील, पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. ऑइलची वाफ झाली की पेडल खाली जातं, पण ब्रेक लागत नाही.

दोष दुरुस्त झाला की रंगकाम. सुटलेला रंग तारेच्या ब्रशने घासून तेलकटपणा ब्रेक क्लीनरने काढतात. पिस्टन, रबर आणि पॅडची जागा टेपने झाकतात. उष्णता सोसणाऱ्या कॅलिपर पेंटचेच पातळ हात द्यायला सांगा. साधा ऑइलपेंट टिकत नाही. पावडर कोटिंग भट्टीत भाजतात, म्हणून त्याआधी रबरी सील काढावेच लागतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं, तर लगेच पाण्याने धुवा.

आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. रंगही टिकेल, ब्रेकही.